जुने-नवे स्पीकर घरी जुळवताना: आधी तब्येत, मग जागा, बटणं सगळ्यांत शेवटी

स्पीकर जोडला की पहिला हात बटणांकडे जातो. बेस (खालचा, जाड आवाज) पूर्ण, ट्रेबल (वरचा, बारीक आवाज) पूर्ण, फोनमधल्या इक्वलायझरच्या (वेगवेगळे सूर कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्यांच्या) दोन्ही कडा वर आणि मधल्या पट्ट्या खाली. दोन दिवस भारी वाटतं. मग तक्रारी सुरू होतात: शब्द कळत नाहीत, तबल्याचा बायाँ नुसता घुमतो, अर्ध्या तासात डोकं दुखतं. डबा जुना असेल तर तो माळ्यावर जातो, नवा असेल तर विकायला निघतो.

बहुतेक वेळा डब्यात खोट नसते, काम उलट्या क्रमानं झालेलं असतं. कुजलेला सराउंड (स्पीकरच्या शंकूच्या कडेचं लवचिक वळं), उलटी जोडलेली वायर किंवा कोपऱ्यात कोंबलेला डबा कुठल्याच बटणानं सुधारत नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशानं पडला ते कधीच कळत नाही.

हे सगळं विदर्भातल्या खेड्यातलं घर डोळ्यांसमोर ठेवून सांगतो आहे: टिनाचं किंवा कवेलूचं छप्पर, नाहीतर स्लॅबची दहा बाय बाराची खोली, उन्हाळाभर कूलर, आणि लाइनचा भरवसा नाही.

## टप्पा १: तयारी

साधा मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल, वायरचे दोन तुकडे, मोजपट्टी, टॉर्च, सुतळी, चिकटपट्टी आणि वही-पेन एवढं जवळ ठेवा. फोनमध्ये टोन जनरेटरचं एक आणि साउंड मीटरचं एक, अशी दोन फुकट अॅप घ्या.

मग चार रेकॉर्डिंग निवडा आणि शेवटपर्यंत तीच वापरा: एक पुरुषाचा आवाज, एक बाईचा, एक तबला किंवा ढोलकीचं, आणि एक खंजिरीचं भजन. खंजिरी मुद्दाम सांगतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे ती आपल्याकडे गावोगावी प्रत्यक्ष ऐकलेली असते. तिची कोरडी थाप आणि बारीक चकत्यांची किणकिण खरी कशी वाजते हे कानाला पाठ असतं, त्यामुळे स्पीकर खोटं बोलला की लगेच कळतं. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली फाइल मात्र परीक्षेला घेऊ नका. तिच्यातला वरचा बारीक आवाज बऱ्याचदा आधीच कापला गेलेला असतो.

कूलर, पंखा आणि शेजारची मोटार बंद असेल अशी वेळ धरा. पहाटे किंवा रात्री जेवणं आटोपल्यावर.

तपासा: फोनमधलं इक्वलायझर, बेस बूस्ट, डॉल्बी बंद. अँपवर (अँप्लिफायरवर) बेस आणि ट्रेबल मधोमध, लाउडनेस बंद. ब्लूटूथ असेल तर फोनचा आवाज जवळपास पूर्ण आणि कमी-जास्त अँपवरून.

## टप्पा २: डब्याची तब्येत

नवा स्पीकर असेल तर हा टप्पा पाच मिनिटांचा आहे: स्क्रू घट्ट आहेत का आणि मागच्या पोर्टमध्ये (हवेच्या नळीच्या भोकात) वाहतुकीतला फोम तर राहिला नाही ना, एवढं पाहा. जुन्या स्पीकरला मात्र इथे अख्खी दुपार द्या. वर्षानुवर्षं बंद पडलेला डबा थेट मोठ्या आवाजात लावणं हा त्याला मारण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

आधी सराउंड. जाळी काढा आणि टॉर्च तिरपा धरून कोनच्या, म्हणजे हलणाऱ्या शंकूच्या, कडेचं वळं पाहा. कापडी किंवा कागदी घड्यांचं वळं पन्नास वर्षंही टिकतं, रबराचंही बरंच टिकतं. फोमचं वळं पंधरा-वीस वर्षांत कुजतं. ऊन आणि दमट हवा दोन्ही त्याचे वैरी, आणि आपल्याकडे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दोन्ही भरपूर. बोटाच्या टोकानं हलकेच दाबा. बोटाला चिकट काळी भुकटी लागली तर तो स्पीकर तिथेच थांबवा. कुजलेल्या वळ्यावर वाजवत राहिलं की कॉइल (कोनमागचं तारेचं वेटोळं) मॅग्नेटच्या फटीत घासते आणि जळते, मग थोडक्यातलं काम महागात जातं. फोमची नवी रिंग मापानुसार मिळते. मिस्त्रीकडे जाताना बाहेरचा आणि आतला, दोन्ही व्यास मोजून न्या, आणि अख्खा कोन बदलायचा सल्ला मिळाला तर आधी फक्त रिंग बदलता येते का ते विचारा. मूळ कोन गेला की त्या स्पीकरचा मूळ आवाजही गेला.

मग कॉइल. चार बोटांची टोकं कोनवर समान अंतरावर ठेवा, कान जवळ न्या आणि अगदी हळू आत ढकलून सोडा. काहीच ऐकू यायला नको. कागद घासल्यासारखी खसखस आली तर कॉइल मध्यातून सरकली आहे. मधल्या डस्ट कॅपला, म्हणजे छोट्या टोपीला, बोट लावू नका, चेपली की पुन्हा वर येत नाही.

फाटलेला कागदी कोन सांधायचा असेल तर पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल आणि टिश्यू पेपरचा छोटा तुकडा, दोन्ही बाजूंनी. जाड थर देऊ नका, वजन वाढलं की आवाज बसतो. इन्स्टंट ग्लू तर नकोच, तो कडक होतो आणि त्याच्या शेजारीच नवी चीर जाते.

आतले भाडेकरू. गावात हा भाग विसरून चालत नाही. पोर्टच्या नळीत कुंभारमाशीची मातीची घरं असतात, आत पालीची अंडी, उंदरांनी कुरतडलेला कापूस, खालच्या पट्टीत वाळवी. वूफरचे (खालचा आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरचे) स्क्रू काढून आत टॉर्च मारा, वायर कुरतडलेल्या आहेत का पाहा. नळी मातीनं अर्धी बुजली असेल तर बेस बदलतो, आणि दोनपैकी एकाच डब्याची बुजली असेल तर दोन डबे कधीच जुळत नाहीत.

मल्टिमीटर. अँपची वायर काढून स्पीकर युनिटवर ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. तो दोष नाही, मीटर डीसी रोध मोजतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली आहे.

सावधान: आकडा शून्याजवळ असेल तर तो स्पीकर अँपला जोडू नका, अँप जाईल. आणि व्हॉल्व्हचा जुना अँप किंवा रेडिओ स्पीकर न जोडता कधीच चालू करू नका, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

कपॅसिटर. जुन्या डब्यातून ट्रेबल हरवला की लोक ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) बदलतात. दोष बऱ्याचदा त्याच्या आधीच्या कपॅसिटरमध्ये (ट्विटरकडे फक्त वरचा आवाज सोडणाऱ्या भागात) असतो. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ४,२०० हर्ट्झच्या वरचा आवाज देतो. तो वाळून निम्मा झाला की ही हद्द ८,४०० पर्यंत सरकते, आणि मधला सगळा भाग गायब होतो. नेमका तिथेच 'स' आणि 'श' असतात. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर लावा, आणि दोन्ही डब्यांत एकाच वेळी बदला. नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो सहज मिळतो. जळलेल्या ट्विटरच्या जागी स्वस्त पिझो ट्विटर ठोकणं टाळा. तो वाजतो, पण त्याचा आवाज मूळ डब्याशी कधीच मिसळत नाही.

मागे किंवा पुढे ट्रेबलची फिरकी असेल आणि ती खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. इतकंच पुरतं.

## टप्पा ३: जोडणी

वायर तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची. अंतर पाच मीटरच्या पुढे असेल तर २.५ ची. घराच्या वायरिंगची चालते, महागड्या स्पीकर वायरची गरज नाही. पाच मीटरच्या जाण्या-येण्याला १.५ च्या वायरचा रोध जेमतेम ०.१२ ओहम भरतो. अॅल्युमिनियमची वायर आणि दातानं सोलून पिळलेले सांधे मात्र नकोत.

सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे प्लस-मायनस. एका डब्याची वायर उलटी असेल तर दोघांचे कोन एकमेकांविरुद्ध हलतात, बेस कापला जातो आणि गायकाचा आवाज खोलीभर तरंगतो. जुन्या डब्यांवरच्या खुणा पुसलेल्या असतात, काहींवर मिस्त्रीनं आतून वायर फिरवलेली असते. म्हणून लाल-काळ्यावर विसंबू नका. अँपपासून सोडवलेल्या वूफरला सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे टेकला तो प्लस. तिथे लाल चिकटपट्टी लावा. ट्विटरवर ही चाचणी करू नका.

तपासा: दोन्ही डबे शेजारी-शेजारी ठेवा आणि पुरुषाचा आवाज मोनोमध्ये लावा. एका डब्याच्या वायर उलटवा, पुन्हा ऐका. ज्या जोडणीत आवाज भरदार आणि दोन डब्यांच्या बरोबर मधून येतो ती बरोबर.

ओहमचा हिशेबही इथेच करा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ होतात, ४ चे दोन जोडले की २. बहुतेक घरगुती अँप २ ओहमवर तापतात. जुना १६ ओहमचा आणि नवा ४ ओहमचा एकाच वाहिनीवर लावू नका. जुने कागदी कोनचे स्पीकर थोड्या वॅटमध्ये मोठे वाजतात. ९३ डेसिबल संवेदनशीलतेचा जुना स्पीकर १ वॅटला जेवढा वाजतो तेवढं वाजायला ८७ डेसिबलच्या नव्याला ४ वॅट लागतात. डावा जुना, उजवा नवा अशी जोडी म्हणूनच कधी जुळत नाही.

सावधान: लहान अँप मोठ्या स्पीकरला जाळू शकत नाही हा गैरसमज आहे. अँप ताकदीबाहेर ओढला की आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजात ट्विटर पहिला जातो. संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरतं तेव्हा हे लवकर होतं. आवाज फाटला की कमी करा. लाइन गेली की अँपचा स्विच बंद करा, परत येतानाचा झटका वाईट असतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुणगुण येते, तिला स्पीकर जबाबदार नाही. गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन कापणारे भेटतील. त्यांना हात लावू देऊ नका, त्यात जीव जातो.

## टप्पा ४: जागा

सर्वांत जास्त फरक इथे पडतो, आणि खर्च शून्य.

उंची. शोरूममधल्या सगळ्या सूचना सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी असतात. आपण कशावर बसून ऐकतो ते आधी ठरवा. सतरंजीवर मांडी घालून बसलं की कान जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास येतो, बाजेवर बसलं की चार फुटांच्या आसपास. ट्विटर, किंवा एकच कोन असेल तर त्याचा मध्य, त्या उंचीला हवा. टेबलावर ठेवलेला डबा जमिनीवर बसलेल्याच्या डोक्यावरून वाजतो. विटा रचून वर सागवानी फळी किंवा शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा आणि डब्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे द्या. हे स्टँड विकतच्या स्टँडइतकंच काम करतं.

त्रिकोण. दोन डब्यांमधलं अंतर आणि प्रत्येक डब्यापासून तुमच्या कानापर्यंतचं अंतर सारखं हवं. डोळ्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो. सुतळी ताणून मोजा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा फुटांचा त्रिकोण सहज बसतो.

भिंती. प्रत्येक भिंत आणि जमीन खालचा आवाज फुगवते, म्हणून कोपऱ्यातला डबा घुमतो. शिवाय भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला एका ठिकाणी खोडतो: कोनपासून भिंत दोन फुटांवर असेल तर १४० हर्ट्झच्या आसपास, तीन फुटांवर असेल तर ९५ च्या आसपास. म्हणून मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तिन्ही अंतरं एकसारखी नकोत. दोन फूट, अडीच फूट, तीन फूट अशी वेगवेगळी ठेवा. मागून उघड्या जुन्या रेडिओच्या पेटीला भिंतीपासून निदान हातभर मोकळी जागा द्या, मागे पोर्ट असलेल्या नव्या डब्यालाही. चारही बाजूंनी बंद डबा भिंतीजवळ चालतो.

बसायची जागा. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आणि दहा फुटांत ५६ च्या आसपास आवाज साचतो. भिंतीला पाठ टेकून बसलात तर तो दुप्पट वाटतो, खोलीच्या बरोबर मधे बसलात तर गायब होतो. मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे बारा फुटांत साडेचार फुटांवर बसून सुरुवात करा आणि तिथून वीतभर पुढे-मागे सरकून ऐका. चौरस खोलीत दोन्ही दिशांचे सूर एकमेकांवर चढतात. दुसरी खोली असेल तर ती घ्या.

वळवणं. आठ इंची जुना फुल-रेंज (सगळे सूर एकटाच देणारा) कोन २,००० हर्ट्झच्या पुढे टॉर्चसारखा सरळ फेकतो. त्याला कानाकडे वळवलं की आवाज उजळतो, बाहेर फिरवलं की मऊ होतो. हेच त्याचं ट्रेबलचं बटण समजा. नव्या डोम ट्विटरला इतकं वळवावं लागत नाही, खांद्याच्या रोखानं ठेवला तरी पुरतो. रेकॉर्डिंग जुनं आणि खरखरीत असेल तर डबे थोडे बाहेर फिरवूनच ऐकावं. शब्द राहतात, खरखर मागे जाते.

तपासा: बाईचा आवाज लावा, डोळे मिटा. ती दोन डब्यांच्या मधे, तुमच्या तोंडाच्या उंचीला उभी वाटली पाहिजे. एका बाजूला सरकली तर अंतर पुन्हा मोजा. जमलं की चिकटपट्टीनं डब्यांची आणि बैठकीची जागा जमिनीवर आखून ठेवा, झाडलोट करताना हलतेच.

## टप्पा ५: खोली

टोन जनरेटरवर ४० पासून १५० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा, आवाज बेताचा ठेवा. काय काय थरथरतं ऐका: टिनाच्या पत्र्याचा सैल खिळा, मांडणीवरची ताटं, फोटोची काच, लोखंडी कपाटावरची रिकामी पेटी. स्पीकर फाटतोय असं वाटणारी खरखर पुष्कळदा ताटांची असते. एकेक शोधा आणि खाली कापड घाला, खिळ्याला रबराचं वॉशर द्या.

सावधान: तीन-चार इंची लहान स्पीकरवर ६० च्या खालचा टोन वाजवू नका, आणि उंच स्वराचा टोन कुठल्याही स्पीकरवर मोठ्यानं नको.

आता टाळी वाजवा. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत टाळीमागून 'टिर्रर्र' असा कोरडा आवाज येतो, तोच गाण्याचे शब्द खातो. सारवलेल्या भिंती आणि कवेलूच्या घरात हा त्रास कमी, तिथे उलट फटींतून बेस निघून जातो. अशा घरात डबे मागच्या भिंतीकडे थोडे सरकवा.

टिर्रर्र घालवायला कापूस आपल्याकडे घरचाच. दोन बाय चार फुटांची लाकडी चौकट, चार इंच खोल, आत सैल पिंजलेला कापूस, दोन्ही बाजूंनी बारदाना ताणलेला. दाबून भरू नका, गच्च दाबलेला कापूस आवाज कमी शोषतो. ती कुठे लावायची हे आरसा सांगतो. तुम्ही आपल्या जागी बसा, दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायचा. आरशात डबा दिसला तिथे चौकट. दोन्ही बाजूंना एकेक, समोर जमिनीवर सतरंजी. एवढं करायचं नसेल तर जुनी गादी उभी करून ऐकून पाहा, फरक कळतो. कापूस लवकर पेटतो हे ध्यानात ठेवून चौकट स्विचबोर्ड, दिवा आणि देवघरापासून लांब ठेवा.

## टप्पा ६: आता बटणं

आधी ठरवा, तुम्ही रोज किती आवाजात ऐकता. कानाला कमी आवाजात बेस कमी ऐकू येतो, म्हणून मोठ्यानं जुळवलेला स्पीकर रात्री हळू लावला की पोकळ वाटतो. जुन्या अँपवरचं लाउडनेसचं बटण याचसाठी असतं, आणि हळू ऐकतानाच ते लावावं.

सबवूफर (फक्त खालच्या आवाजाचा वेगळा डबा) असेल तर तो प्रथम तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतींच्या कडेनं रांगत ऐका. जिथे सगळे सूर सारखे वाजतात तिथे सबवूफर न्या. पाच-सहा इंची वूफरच्या डब्यांसोबत क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफर देतो ती हद्द) ८० हर्ट्झच्या आसपास, टू-पॉइंट-वनच्या (दोन छोटे डबे आणि एक सबवूफर अशा संचाच्या) छोट्या डब्यांसोबत १२० ते १५०. फेजचं (कोन हलायची दिशा उलटवणारं) बटण दोन्हीकडे करून पाहा, बसल्या जागी जे भरदार वाटेल ते ठेवा.

मग इक्वलायझर. ३० ते २०० हर्ट्झ पुन्हा हळू फिरवा आणि जिथे आवाज एकदम उसळतो ते आकडे वहीत लिहा. फक्त तेवढ्या जागी ३ ते ६ डेसिबल कमी करा. जिथे आवाज बुडतो तिथे वाढवू नका. तो खड्डा खोलीनं केलेला असतो. कितीही ताकद ओतली तरी भरत नाही, अँप आणि कोन मात्र दमतात. तिथे बसायची जागा वीतभर हलवा. फोनचा माइक अगदी खालच्या सुरांना नीट पकडत नाही, म्हणून अॅपमधली रेघ सपाट करण्याच्या मागे लागू नका.

बेस बसल्यावर ट्रेबल. खंजिरी लावा. थाप मंद आणि किणकिण हरवलेली असेल तर थोडा वाढवा, किणकिण दातांत शिवशिवली तर कमी करा. एका वेळी एक-दोन डेसिबलच.

तपासा: दोन सेटिंगची तुलना करताना आवाजाची पातळी साउंड मीटरवर सारखी करून घ्या. जे थोडं मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, आणि याच फसवणुकीमुळे बेस-ट्रेबल चढत जातात. निर्णय लगेच घेऊ नका, आठवडाभर रोजची गाणी ऐका. मधेच बंद करावंसं वाटत असेल तर काहीतरी जास्त झालं आहे, बहुतेकदा ट्रेबल.

## टप्पा ७: हंगाम बदलला की

कूलर लागला की त्याची ओली हवा थेट कागदी कोनवर येणार नाही अशी त्याची दिशा ठेवा. त्याच्या घरघरीवर मात करायला बेस वाढवू नका, गाण्यापुरता कूलरचा वेग एक पायरी उतरवा. डबे पश्चिमेच्या खिडकीच्या उन्हात नकोत, मेच्या दुपारी फोम आणि डिंक दोन्ही सुटतात. पावसाळ्याआधी पोर्टच्या तोंडाला बारीक जाळी लावा, कुंभारमाशी घर बांधायला तेव्हाच येते, आणि डबे जमिनीपासून उंच असल्याची खात्री करा. दिवाळीच्या साफसफाईत जाळी काढून सराउंड पुन्हा टॉर्चखाली पाहा, स्क्रू तपासा, आणि वहीतले आकडे बटणांशी ताडून घ्या.